कायोटीनं उधळलेलं आकाश

ही गोष्ट अमेरिकेतल्या डिने लोकांची. सूर्य घडवून झाला, चंद्र घडवून झाला, तरी चंद्र नसलेली रात्र मिट्ट काळीच राहिली. माणसं चाचपडत चालायची, ठेचकाळायची, आपल्याच घराचं दार त्यांना सापडायचं नाही. आदिपुरुष आणि आदिस्त्री काळजीत पडले. सूर्य-चंद्र त्या दोघांनीच तर केले होते, टणक पारदर्शक दगडाच्या गोल चकत्या कापून. कापताना ज्या कपच्या उडाल्या त्या आदिस्त्रीनं फेकल्या नव्हत्या, एकूण एक वेचून ठेवल्या होत्या. तिनं जमिनीवर घोंगडी अंथरली आणि सगळ्या कपच्या तिच्यावर मांडल्या.

“या आता वर लावायच्या,” ती म्हणाली. “पण विचार करून. वाट चुकलेल्याला वाट दिसली पाहिजे. बी कधी पेरायचं ते कळलं पाहिजे. आणि एकमेकांशी कसं वागायचं हे कुणी विसरलाच, तर त्यानं नुसती मान वर करावी आणि त्याला आठवावं.”

आदिपुरुषानं एक कपची उचलली, बराच वेळ हातात धरून ठेवली आणि उत्तरेला नेऊन बसवली. “तू इथून हलायचं नाहीस,” असं तिला बजावलं. मग तिच्याभोवती आणखी सात लावल्या, रात्रभर तिला फेरी घालतील अशा. त्यांच्या समोरच्या बाजूला आणखी काही. एक कपची, एक जागा. मध्येच तो थांबायचा, चार पावलं मागं जाऊन बघायचा. आदिस्त्री म्हणायची, “जरा डावीकडे.” तो डावीकडे सरकवायचा. रात्र सरत होती आणि घोंगडीवरचा ढीग काही कमी होत नव्हता.

तेवढ्यात कायोटी आला. कायोटी म्हणजे आपल्या कोल्ह्याचा तिकडचा भाऊबंद. पायांभोवती शेपूट गुंडाळून तो शेजारी बसला.

“काय चाललंय?”

“आकाश लावतोय.”

“मी पण लावू?”

“लाव. पण बघून लाव.”

त्यानं ढिगातली एक कपची निवडली, किंचित लालसर, आणि लांब दक्षिणेला, अगदी जमिनीला टेकेल अशी ठेवून दिली. “हा माझा तारा,” म्हणाला. दुसरी उचलली, खाली ठेवली. तिसरी नुसतीच हुंगली. मग तो आदिपुरुषाकडे बघत राहिला. एक कपची, चार पावलं मागं, जरा डावीकडे, जरा उजवीकडे. “असं करत बसलात तर सकाळ व्हायची नाही कधी!” कायोटी ओरडला. घोंगडीचं टोक त्यानं दातांत धरलं, जिवाच्या जोरानं मान झटकली आणि होत्या नव्हत्या तेवढ्या कपच्या आकाशात भिरकावून दिल्या.

आदिस्त्री धावली, पण घोंगडी रिकामी झाली होती. ज्या कपच्या जिथं पडल्या तिथंच चिकटल्या. कुठं दाटीवाटीनं, कुठं एकेकट्या. त्यांना नाव नव्हतं, काम नव्हतं, जागा कुणी ठरवून दिली नव्हती. त्या आजही तशाच आहेत.

गोष्ट इथं संपते. मी ती अशी सांगते. मुलं प्रत्येक वेळी विचारतात, “मग?” आणि मी प्रत्येक वेळी सांगते की मग काही नाही, आकाश असंच राहिलं.

अमेरिकेतल्या फिनिक्स शहराजवळ आमचा रविवारचा मराठीचा वर्ग भरतो. सात ते दहा वर्षांची मुलं, घरी आई-बाबांशी अर्धं मराठी बोलणारी. बडबडगीतं, पंचतंत्र, बिरबल, शिवबाच्या गोष्टी हे सगळं आम्ही करतोच. पण ही मुलं ज्या जमिनीवर वाढतायत तिथल्या गोष्टी त्यांना कुणी सांगायच्या? घरातून इकडच्या गोष्टी येत नाहीत आणि इंग्रजी शाळेतून आल्या तरी त्या ‘इंडियन’ या एका शब्दाखाली सरसकट येतात. मुलांचा तर आणखी गोंधळ होतो, कारण इंडियन म्हणजे आपणच ना? म्हणून मी ही गोष्ट मराठीत सांगायला घेतली. आणि सांगताना आधी एक गोष्ट पक्की केली: ही कुणाची आहे ते पहिल्यांदा सांगायचं.

ती डिने लोकांची आहे. बाहेरचं जग त्यांना नवाहो म्हणतं, ते स्वतःला डिने म्हणवतात. आमच्या घरापासून पाच-सहा तास गाडी चालवली की त्यांच्या देशाच्या पोटात शिरता येतं. देशच म्हणायचं, कारण त्याला स्वतःचं सरकार आहे, न्यायालयं आहेत, विंडो रॉक ही राजधानी आहे. अ‍ॅरिझोना, न्यू मेक्सिको आणि यूटा या तीन राज्यांत मिळून सुमारे ७०,००० चौरस किलोमीटरचा हा मुलूख आहे. पण डिने माणूस आपली भूमी सांगताना राज्यांच्या सीमा सांगत नाही, चार पर्वत सांगतो. पूर्वेला ब्लँका शिखर, दक्षिणेला माउंट टेलर, पश्चिमेला सॅन फ्रान्सिस्को शिखरं, उत्तरेला हेस्परस. यातली पश्चिमेची शिखरं आमच्या मुलांनी पाहिलेली असतात, कारण थंडीत बर्फात खेळायला सगळे फ्लॅगस्टाफलाच जातात. “तो डोंगर म्हणजे त्यांच्या घराची पश्चिमेची भिंत,” एवढं सांगितलं की त्यांच्या डोळ्यांपुढे गोष्टीला जागा मिळते. फ्लॅगस्टाफनं रात्रीचे दिवे मुद्दाम मंद ठेवले आहेत. २००१ साली जगातलं पहिलं ‘डार्क स्काय’ शहर म्हणून त्याची नोंद झाली. तिथं रात्री गाडीतून उतरल्यावर फिनिक्सची मुलं पहिल्यांदा गप्प होतात, मग एकदम सगळी बोलायला लागतात.

दुसरी पक्की केलेली गोष्ट म्हणजे हिवाळा.

कॅन्यन डी शे नावाची एक खोल दरी आहे, चिनली गावाजवळ. लाल वालुकाश्माच्या उभ्या भिंती, तळाला वाळूची नदी, मक्याची शेतं, पीचची झाडं आणि अजून राहती असलेली डिने कुटुंबं. दरीच्या तळात जायचं तर डिने वाटाड्या सोबत लागतो. आम्ही गेलो तेव्हा उन्हाळा होता. वाटाड्यानं एका पुढं आलेल्या कड्याखाली गाडी थांबवली आणि वर बोट दाखवलं. छतासारख्या खडकावर छोट्या छोट्या फुल्या उमटवलेल्या. तारे. माणसाचा हात पोचणार नाही इतक्या उंचावर, कुणी कसे उमटवले कोण जाणे, पण दरीत अशी ताऱ्यांची छतं जागोजागी आहेत. माझ्या लेकीनं साहजिकच विचारलं की आकाशाची ती कायोटीची गोष्ट सांगाल का. तो हसला, म्हणाला, “आत्ता नाही. हिवाळ्यात या.” आणि पुढची चाळीस-पन्नास पावलं तो शेतीबद्दल बोलत राहिला.

कायोटीच्या आणि ताऱ्यांच्या गोष्टी पहिलं दहिवर गोठलं की सुरू करायच्या आणि वसंतातली पहिली वीज कडाडली की थांबवायच्या, असा डिने घरांतला नियम आहे. अस्वलं, साप, सरडे झोपलेले असतात तेव्हाच या गोष्टी बोलाव्या. दोरीचे खेळही तेव्हाच. दोन्ही हातांच्या बोटांत दोरीचा फास अडकवून, ओढून, सोडवून त्यांची मुलं आकृत्या करतात, आणि त्यातल्या कितीतरी आकृत्या ताऱ्यांच्याच असतात. ‘पुष्कळ तारे’ नावाची एक आहे. शेवटचा झटका दिला की दोरीच्या जाळीत चौकटीच चौकटी उमटतात. हे खेळ कोळीण बाईनं (जाळं विणणारा तो कोळी) माणसांना शिकवले असं मानतात. लांबलचक थंड रात्र, होगान या गोल घराच्या मधोमध पेटलेली शेकोटी, हातात दोरी आणि तोंडात गोष्ट. नियम कशासाठी आहे याची कारणं जाणकार आपापल्या परीनं देतात. मला एवढं दिसतं की वर्षातला काही काळ बोलायचा, काही काळ न बोलायचा असं ठरलं की गोष्टीची वाट बघितली जाते. आमच्या वर्गात आता डिसेंबर आला की मुलं स्वतःहून विचारतात. मे महिन्यात कुणी विषय काढला तर बाकीची त्याला गप्प करतात. हा लेखसुद्धा मी जानेवारीत लिहिते आहे.

आपल्याकडे कहाण्या असतात श्रावणातल्या. आदितवाराची, शुक्रवारची, सोमवती अवसेची. माझी आजी ती पोथी इतर महिन्यांत उघडायची नाही. त्यामुळे गोष्टीलाही ऋतू असतो हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

आता खरं सांगायचं तर ‘ही’ गोष्ट असं एकवचन वापरणंच पुरतं बरोबर नाही. वेगवेगळ्या सांगणाऱ्यांकडून ती वेगवेगळी येते. वॉशिंग्टन मॅथ्यूज नावाच्या लष्करी डॉक्टरनं एकोणिसाव्या शतकात डिने कथा टिपून घेतल्या, त्यानंतर बेरार्ड हेले या फ्रान्सिस्कन पाद्र्यानं ताऱ्यांबद्दलची माहिती गोळा केली, आणि आता डिने अभ्यासक स्वतः ती मांडतात. काही सांगणाऱ्यांच्या तोंडी आदिस्त्रीचा हेतू सगळ्यात ठळक असतो: माणसांसाठीचे नियम तिला असे लिहायचे असतात की ते कुणालाही, कधीही वाचता यावेत. काहींच्या गोष्टीत तारे लावणारा असतो काळा देव, अग्नीचा देव. त्याच्याकडे हरणाच्या पाडसाच्या कातड्याची थैली असते, तीत स्फटिक असतात, आणि कायोटी ती थैलीच पळवतो.

काळ्या देवाचा एक प्रसंग मुलांना इतका आवडतो की तो मी कधी गाळत नाही. सृष्टी घडत होती त्या घरात तो आला तेव्हा त्याच्या घोट्यापाशी काही तारे चिकटलेले होते. सगळे बघायला लागले. त्यानं पाय आपटला, तारे उडी मारून गुडघ्यावर आले. पुन्हा आपटला, कमरेवर. पुन्हा, खांद्यावर. पुन्हा, आणि ते त्याच्या डाव्या कानशिलावर जाऊन बसले. “आता इथंच राहतील,” तो म्हणाला. हे सांगताना वर्गातली सगळी मुलं पाय आपटतात, खालच्या मजल्यावरचे लोक काय म्हणत असतील ते असो. काळ्या देवाच्या मुखवट्यावर आजही तो पुंजका काढतात. कोळशानं काळं केलेलं हरणाचं कातडं, तोंडाच्या जागी पौर्णिमेचा चंद्र, कपाळावर कोर, आणि कानशिलावर ठिपके.

ते ठिपके म्हणजे आपल्या कृत्तिका. डिने त्यांना दिल्येहे म्हणतात. आणि या दिल्येहेबद्दल त्यांच्या शेतकऱ्यांत एक सांगी आहे: तू पेरताना दिल्येहेला दिसता कामा नयेस. मे महिन्याच्या सुमाराला कृत्तिका संध्याकाळच्या आकाशातून पश्चिमेला बुडतात आणि सूर्याच्या उजेडात हरवतात. काही आठवड्यांनी त्या पहाटे पूर्वेला पुन्हा दिसतात. त्या दिसेनाशा झाल्या की कडाक्याच्या थंडीची भीती सरते, आणि त्या परतायच्या आत मका जमिनीत गेला पाहिजे, नाहीतर शरदातल्या थंडीत कणीस हाती लागायचं नाही. वाळवंटात पिकाला मिळणारे दिवस मोजके असतात. त्या मोजक्या दिवसांची सुरुवात आणि शेवट आकाशात लिहून ठेवला आहे, आणि तो वाचायला अक्षर यावं लागत नाही.

मी नगर जिल्ह्यातल्या शेतकरी घरातली. आमच्याकडे पावसाचं गणित नक्षत्रांवर चालायचं. रोहिणी बरसल्या का, मृग लागला का, आर्द्रा कोरड्या गेल्या का. आमचे आजोबा ‘सूर्य कृत्तिकेत’ म्हणायचे तो काळ मे महिन्याच्या मध्याचा, आणि तो संपून रोहिणी, मग ७ जूनच्या सुमाराला मृग. सूर्य कृत्तिकेत आहे याचा अर्थच असा की कृत्तिका सूर्याच्या उजेडात लपल्या आहेत, दिसत नाहीत. म्हणजे चिनलीचा शेतकरी आणि नगरचा शेतकरी एकाच आठवड्यांत, एकाच पुंजक्याच्या गैरहजेरीत बियाणं काढतात. एकाला थंडी टाळायची आहे, दुसऱ्याला पाऊस गाठायचा आहे. त्या दोघांची ओळख असायचं काही कारण नाही. दोघांनी आपापल्या गरजेनं तेच ठिपके बघून ठेवले, यात मला फार मोठी गोष्ट वाटते, आणि ती मी मुलांना पृथ्वीचा गोल हातात घेऊन दाखवते.

उत्तरेकडचं आकाश मात्र दोन घरांसारखं वेगळं आहे. जी कपची आदिपुरुषानं सगळ्यात आधी लावली तो ध्रुव. डिने नजरेनं तो आकाशाच्या होगानमधला अग्नी आहे. सप्तर्षी हा त्या अग्नीभोवती फिरणारा पुरुष, शर्मिष्ठा ही फिरणारी स्त्री. दोघांचंही नाव नाहोकोस, दोघं समोरासमोर, एका शेकोटीच्या दोन बाजूंना. कितीही फिरले तरी अग्नी सोडून जात नाहीत. एका चुलीपाशी एकच जोडपं नांदतं हा त्यांचा रिवाजही लोक इथूनच सांगतात. ज्याला घर कसं असावं याचा विसर पडला त्यानं उत्तरेला बघावं.

आपल्या पुराणात याच ताऱ्यांचं कुटुंब मोडलेलं आहे. महाभारतात कथा येते: सात ऋषींपैकी सहांनी संशयावरून बायकांना टाकलं, त्या लांब जाऊन कृत्तिका झाल्या, आणि एकटी अरुंधती वसिष्ठाजवळ राहिली. लग्नात नवरा-नवरीला आपण तिला दाखवतो. लहानपणी मला या कथेत काही खुपलं नव्हतं. आता मुलींच्या पुढ्यात ती सांगताना खुपतं. म्हणून डिने आकाशातलं हे शेकोटीपाशी बसलेलं जोडपं मी जरा जास्तच वेळ सांगते, हे कबूल आहे. आणि विदर्भातल्या गोंड वस्त्यांमधला सप्तर्षी तर आणखी निराळा: चार ताऱ्यांची म्हातारीची खाट आणि ती पळवायला आलेले तीन चोर. चोरांना खाट अजून नेता आलेली नाही. मुलांना विचारलं की यातलं कुठलं खरं, तर ती अजिबात गोंधळत नाहीत. मोठ्यांनाच एक उत्तर हवं असतं.

मोठ्यांना तात्पर्यही हवं असतं. इसापनीती वाचून वाढलेली आपली पिढी. गोष्ट संपली की खाली रेघ आणि रेघेखाली ‘तात्पर्य’. या गोष्टीचं तात्पर्य पालक मला आयतं काढून देतात: घाई करू नये, आई-बाबांचं ऐकावं, कायोटीसारखा आगाऊपणा केला की असं होतं. इंग्रजीत मुलांसाठी ही गोष्ट सांगतानाही तो कल दिसतो. कायोटीला खोडकर पोर करायचं आणि शेवटी त्याच्याकडं बोट दाखवायचं.

मला हे पटत नाही, आणि डिने परंपरेतला कायोटी पाहिला की मुळीच पटत नाही. तो नुसता खोडकर नाही. मृत्यू जगात कसा आला याच्या त्यांच्या कथेत त्यानं पाण्यात दगड टाकला. तरंगला तर माणसं कायम जगतील, बुडाला तर मरतील. दगड अर्थात बुडाला. लोक चिडले, त्याला पाण्यात फेकायला निघाले. तेव्हा त्यानं जे सांगितलं त्यावर कुणाला बोलता आलं नाही: कुणी मेलंच नाही तर पृथ्वीवर दाटी होईल, नव्या पोरांना पाय ठेवायला जागा उरणार नाही, मक्याला शेत उरणार नाही. ज्या पात्राच्या तोंडी हे वाक्य आहे त्याला ‘वाईट मुलगा’ म्हणून कोपऱ्यात उभं करता येत नाही. पवित्र मंडळी व्यवस्था लावतात, कायोटी ती विस्कटतो, आणि या दोहोंतून जे उरतं ते हे जग. आकाशात थोडे तारे समजून लावलेले आहेत, बाकी असंख्य उधळलेले आहेत. माणसाच्या आयुष्यातही काही गोष्टींचा अर्थ लागतो, बऱ्याचशा गोष्टींचा लागत नाही, आणि हे गोष्टीनं लहानपणीच सांगून टाकलं आहे. ते मुलांना झेपतं. मागच्या हिवाळ्यात वर्गातला एक मुलगा म्हणाला, “मावशी, कायोटी नसता ना, तर वर फक्त दहा-बारा तारेच असते.” त्यावर एक मुलगी तणतणली, “पण आता तिला लिहायचं होतं ते कुणालाच वाचता येणार नाही!” दोघं भांडले. मी भांडण सोडवलं नाही. दोघांचंही बरोबर आहे आणि गोष्ट दोघांनाही सामावून घेते. तात्पर्याची रेघ ओढली असती तर यातलं एक वाक्य बाहेर राहिलं असतं.

कायोटीनं स्वतः ठेवलेला तो एक तारा, तो कुठला? बहुतेक अभ्यासक अगस्त्य मानतात, काहीजण वृश्चिकातली ज्येष्ठा. मला अगस्त्य मनापासून पटतो, कारण तो तिथून दिसतोच तसा. डिने भूमी उत्तर अक्षांश ३६ च्या आसपास पसरलेली आहे. तिथून अगस्त्य हिवाळ्यात, दक्षिणेला, क्षितिजाच्या जेमतेम एक-दीड अंश वर येतो, थोडा वेळ थांबतो आणि मावळतो. आणखी थोडं उत्तरेला गेलं की तो उगवतच नाही. इतक्या खाली असताना त्याचा उजेड हवेच्या जाड थरातून येतो, निळा भाग वाटेत विखुरतो आणि मुळात पांढरा असलेला तारा लालसर लुकलुकतो. एका जागी स्थिर राहणाऱ्या ध्रुवाच्या बरोबर विरुद्ध टोकाला, आल्यासारखा न आल्यासारखा, रंग बदलणारा. कायोटीचा तारा असाच असणार. पुण्यातून हाच अगस्त्य १८-१९ अंश वर येतो, शांत आणि पांढरा दिसतो, आणि आपण त्याला ऋषी म्हणतो. विंध्याला वाकायला सांगून दक्षिणेला गेला तो परत न आलेला ऋषी. फेब्रुवारीच्या सुरुवातीला रात्री नऊ-साडेनऊला आम्ही मुलांना घेऊन शहराबाहेर दक्षिण मोकळी दिसेल अशा जागी जातो. फिनिक्समधून तो सुमारे चार अंशांवर असतो, हात लांब करून धरलेल्या दोन बोटांएवढा. आई-वडील ‘तो बघ अगस्ती’ म्हणतात आणि मुलं ‘तो बघ कायोटीचा’ म्हणतात.

आकाशाला नुसतं देखावा समजायचं नाही, हे डिने लोकांकडून पुन्हा पुन्हा शिकायला मिळतं. १४ ऑक्टोबर २०२३ ला कंकणाकृती सूर्यग्रहण त्यांच्याच मुलखावरून गेलं. मॉन्युमेंट व्हॅलीच्या त्या प्रसिद्ध शिळांमागे आगीचं कंकण दिसणार म्हणून फोटोवाल्यांची झुंबड उडणार होती, पण नवाहो सरकारनं आपली उद्यानं ग्रहणाच्या तासांत बंद ठेवली. लोक घरात राहिले. खायचं नाही, प्यायचं नाही, झोपायचं नाही, वर बघायचं नाही. आमच्या वर्गातल्या एका मुलाच्या आजी तेव्हा नाशिकहून आल्या होत्या. त्यांना यातलं काहीच नवीन वाटलं नाही. मी स्वतः चष्मा लावून ग्रहण बघणाऱ्यांपैकी आहे, तरी त्या दिवशी तिकडं जाऊन बघायचं नाही हे मला बरोबर वाटलं. ज्याचं घर, त्याचा नियम.

बरे करण्याच्या त्यांच्या विधींमध्ये रंगीत वाळूनं जमिनीवर आकाशपित्याचं चित्र काढतात. काळ्या अंगावर सूर्य, चंद्र, नक्षत्रं, आणि दोन्ही हातांवरून गेलेली आकाशगंगा. अनेक माणसं तासन् तास खपून ते काढतात, आजाऱ्याला त्यावर बसवतात, आणि विधी झाला की पुसून टाकतात. वर आकाशात लिहिलेलं टिकतं, खाली वाळूत काढलेलं त्याच दिवशी जातं.

मधली काही वर्षं वरचंही वाचणारे कमी झाले होते, आणि ते आपोआप झालं नाही. १८६४ मध्ये अमेरिकी सैन्यानं डिने लोकांना घरादारातून हाकलून शेकडो मैल चालवत बॉस्क रेडोंडोच्या छावणीत नेलं. ८,००० हून अधिक माणसं तिथं कोंडली गेली, कितीतरी वाटेत आणि छावणीत मेली. १ जून १८६८ ला तह झाला आणि ती आपल्या चार पर्वतांत परत आली. तहात एक कलम होतं: ६ ते १६ वर्षांच्या मुलांना शाळेत घातलं पाहिजे. पुढं त्या शाळा निवासी झाल्या. मुलं ऐन हिवाळ्यात, म्हणजे नेमक्या गोष्टींच्या महिन्यांत, घरापासून लांब असायची, आणि आपली भाषा बोलली म्हणून शिक्षा व्हायची. हे मी वर्गातल्या थोड्या मोठ्या मुलांना सांगते. आपण दर रविवारी मराठी बोलायला मुद्दाम जमतो, कुणी आपल्याला अडवत नाही, हे त्यांना त्या ओघात कळतं.

त्याच डिने लोकांनी १९६८ मध्ये अमेरिकेतलं पहिलं आदिवासी समाजानं चालवलेलं महाविद्यालय काढलं. आज तिथं नक्षत्रं डिने नावांनी शिकता येतात. २०२१ मध्ये नासाची पर्सिव्हिअरन्स गाडी मंगळावर उतरली, तेव्हा ती ज्या चौकोनी तुकड्यात उतरली त्याला कॅन्यन डी शेचं नाव आधीच दिलेलं होतं. म्हणून नवाहो सरकारच्या संमतीनं तिथल्या खडकांना डिने शब्द ठेवले गेले. आमची मुलं यावर बेहद्द खूष असतात. एकानं विचारलं होतं की कायोटीनं फेकलेल्यातला एखादा तुकडा तिथं पडलाय का. मी शोधायचं काम त्याच्याकडेच दिलं आहे.

त्या अंधाऱ्या आकाशाचं कौतुक करताना एक गोष्ट मी विसरू देत नाही. डिने मुलखात हजारो घरांत अजून वीज पोचलेली नाही. तिथला काळोख काही अंशी जपलेला आहे आणि काही अंशी लादलेला आहे. दिवा लागावा म्हणून वाट बघणाऱ्या बाईला तुझं आकाश किती सुंदर आहे हे सांगणं बरं नाही.

या डिसेंबरात गोष्ट सांगून झाल्यावर वर्गातली एक आठ वर्षांची मुलगी मागं थांबली. जूनमध्ये ती नागपूरला आजीकडे जाणार आहे.

“मावशी, आजीला सांगू ही गोष्ट?”

“जूनमध्ये?”

तिला लगेच आठवलं. जरा विचार करून म्हणाली, “पण नागपूरला बर्फ पडतच नाही. मग तिथं कधी सांगायची?”

“अस्वलं झोपली की.”

“आजी म्हणते ताडोबातली अस्वलं झोपतच नाहीत.”

हे खरंच आहे, आपली अस्वलं थंडीत झोपी जात नाहीत. मी म्हटलं, मग चिनलीची अस्वलं धर, गोष्ट तिथली आहे. तिनं बोटांवर महिने मोजले. जून नाही, जुलै नाही, दिवाळीत शाळा. शेवटी ठरलं की आजीला जानेवारीतच फोन लावायचा, व्हिडिओवर, आणि आजीनं त्या रात्री गच्चीत जाऊन उभं राहायचं. तिथं रात्र असेल तेव्हा इथं सकाळ असते हा नवा प्रश्न मग निघाला, त्यासाठी ती आता बाबांच्या मागं लागली आहे.